प्रतिसाद: कवटी उकळू नका

वर एकांनी लिहिलंय की जनावराची कवटी शोभेसाठी साफ करायची तर तासभर उकळायची आणि मग ब्लीचिंगच्या पाण्यात टाकायची, पांढरीशुभ्र होते. होते खरी, पण टिकत नाही हो. उकळल्यावर चरबी हाडात आत मुरते आणि काही महिन्यांनी पिवळे तेलकट डाग वर येतात, आणि ब्लीचने हाड ठिसूळ होऊन भुगा पडायला लागतो. माझी पहिली कवटी अशीच गेली, वर वारली पद्धतीचं रंगकाम केलेलं सगळं पापुद्रे निघून गेलं.

आपल्या खान्देशात तर उकळायची गरजच नाही. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ ला टेकतो, तेव्हा बोकडाची कवटी साध्या पाण्याच्या बादलीत झाकून गच्चीवर ठेवली, मांस जिवाणूच खातात, कोमट पाण्यात त्यांचं काम जोरात चालतं. वास मात्र असा की आजी जिन्यातूनच ओरडली, "हाई काय शे रे भो?" पाणी फडक्यातून गाळूनच ओता, सुटे झालेले दात त्यात असतात (माझे दोन गटारात गेले). शिंगाचं वरचं टरफलही आतल्या हाडावरून आपोआप सुटतं, ते वेगळं वाळवून परत बसवायचं. मग चरबी काढायला भांड्याच्या साबणाच्या पाण्यात काही दिवस, शेवटी पांढरी करायला मेडिकलवरचं हायड्रोजन पेरॉक्साइड.

आणि सातपुड्यात फिरताना सांबराचं गळलेलं शिंग दिसलं तर उचलू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ते पण येतं.