तालुक्यात डॉक्टर एकच, म्हणून सोडून द्यायचं?

खाडीकाठची: बंदरकरांची कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. म्हणे, 'बाई पेशंटशी गैरवर्तन झालं तरी डॉक्टरचं नाव रजिस्टरमधून कायमचं काढू नये, सहा महिने निलंबन पुरे. आपल्याकडे दुसरा डॉक्टर मिळतो कुठे?' डॉक्टरांच्या वर्तनाच्या 2002 च्या नियमावलीत नाव काही काळ किंवा कायमचं काढायची सोय आहे, ती उगाच नाही. सहा महिन्यांनी तोच माणूस, तेच टेबल, तोच पडदा. माझ्या मावशीला तपासताना एकाने सिस्टरला मुद्दाम बाहेर धाडलं होतं. मावशी घरी बोलली नाही. पुढे ताप आला तरी तालुक्याला जायची नाही.

बंदरकर: मावशींबद्दल वाईट वाटलं. पण तक्रार केली का? नुसत्या बोलण्यावर कोणाचा दवाखाना बंद करायचा? वडिलांच्या छातीत कळ आली तेव्हा रातोरात गोव्याचं बांबोळी हॉस्पिटल गाठलं आम्ही. सिंधुदुर्गात 2021 ला मेडिकल कॉलेज सुरू झालं, तरी गाड्या गोव्याकडेच पळतात.

डोंबिवलीचा चाकरमानी: कॉलेजचं सोडा, मुंबई-गोवा हायवेचं बोला! 2011 पासून रुंदीकरण चाललंय. पेशंट खड्ड्यातच जायचा.

बंदरकर: तुम्ही गणपतीक चार दिस येतास नि आमका हायवे शिकवतास?

चाकरमानी: त्या चार दिवसांत कंबर मोडते म्हणून बोलतो. टोलनाका मात्र वेळेत उभा राहतो!

बंदरकर: मग रेल्वेने या.

चाकरमानी: तिकीट तुम्ही काढून देता का?

निवृत्त सिस्टर: झालं हायवेचं? तक्रार करायची कुठे ते ऐका. एमबीबीएस असेल तर महाराष्ट्र वैद्यक परिषद, मुंबई. बीएएमएसची परिषद वेगळी, होमिओपॅथीची आणखी वेगळी. म्हणजे बाईने आधी पाटीवरची डिग्री वाचायची, मग मुंबईच्या वाऱ्या करायच्या. निकाल सहा महिन्यांत लागावा असं नियम म्हणतो. शिवाय 2019 च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात परिषदेच्या कारवाईविरुद्ध दिल्लीला अपिलाची वाट डॉक्टरला दिली आहे. बाईचं नाव त्या कलमात नाही.

गावचा एमबीबीएस: सिस्टर, सगळ्यांना एका माळेत ओवू नका. मी बाई मदतनीस असल्याशिवाय तपासत नाही, ती रजेवर असली तर पेशंट परत पाठवतो. त्यावरही शिव्या खातो. आणि चौकशी चालू असताना प्रॅक्टिसवर बंधन घालायचा अधिकार परिषदेला आहे, तो वापरा की.

खाडीकाठची: तुमच्यासारखे असतीलही. नियम तुमच्यासाठी नाहीत.

बंदरकर: बरं बाई, सिद्ध झालं तर काढा कायमचं, खूश? पण रात्री दोन वाजता कोणाचं दार ठोठवू तेही सांगा.

निवृत्त सिस्टर: ते जिल्हा परिषदेला विचारा. आरोग्य केंद्रातली जागा रिकामी राहते, त्याची शिक्षा बायकांना कशाला?