दुसरीच्या पोरांना फ्लिप्ड क्लासरूम? मला तरी पटत नाहीये

खडूफळा: आमच्या शाळेत यंदा दुसरीपासून फ्लिप्ड क्लासरूम आणायचं चाललंय. म्हणजे नवीन धडा मुलांनी घरी व्हिडिओवर बघून यायचा आणि एरवी जो सराव घरी करतात तो वर्गात शिक्षकांसमोर करायचा. ऐकायला झकास. पण सात वर्षांचं पोर एकटं बसून हातच्याची वजाबाकी व्हिडिओवरून शिकणारे का? ही पद्धत गाजवली बर्गमन आणि सॅम्स या दोन अमेरिकन शिक्षकांनी, २००७ च्या सुमारास, तीही हायस्कूलात आणि केमिस्ट्रीसाठी. पोरं खेळांच्या मॅचेसना जायची, तास बुडायचे, म्हणून त्यांनी तास रेकॉर्ड करायला घेतले. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांची गरज होती ती, आपण ती सात वर्षांच्यांच्या गळ्यात का मारतोय?

तिसरीच्या_बाई: सर, मी तिसरीला दोन वर्षं करतेय म्हणून बोलते. अख्खा धडा व्हिडिओत कोंबायचाच नसतो हो. माझा व्हिडिओ चार मिनिटांचा, त्यात एकच गोष्ट, आणि बघून झाल्यावर मुलांनी फक्त एक चित्र काढून आणायचं. अपूर्णांकाचा पूर्ण तास मग कागदाच्या घड्या घालण्यात जातो, आणि मला प्रत्येक बाकापाशी जाऊन बसता येतं, जे आधी फळ्यावर लिहिता लिहिता कधी जमलंच नाही. आणि एक पोरगी आहे, वर्गात "परत सांगा" म्हणायची तिची हिंमत होत नाही, ती व्हिडिओ तीनतीनदा मागे घेऊन बघते.

दोघांची_आई: बाई, तुमच्या चार मिनिटांचे आमच्या घरी चाळीस होतात!! फोन माझा, तो माझ्याबरोबर ऑफिसातून सातला येतो, मग मोठ्याचा व्हिडिओ, मग धाकटीचा, त्यात ती मध्येच कार्टूनवर जाते, आणि शेवटी समजावून मीच सांगते. म्हणजे शिकवण्याचं काम शाळेतून उचलून स्वयंपाकघरात आणून ठेवलं. ज्याच्या घरी सांगायला कोणी नाही तो दुसऱ्या दिवशी वर्गात काय करणार, नुसता टुकूटुकू बघणार.

तिसरीच्या_बाई: ताई, न बघता आलेल्यांसाठी मी कोपऱ्यात एक टॅब ठेवते, पहिली पाच मिनिटं तिथे. रोज चारपाच जणं असतातच, खोटं कशाला बोलू.

आडवा_प्रश्न: मग उलट करा ना, सगळ्यांनाच कोपऱ्यात बसवा. गंमत नाही करत, याला इन-क्लास फ्लिप म्हणतात. वर्गाचे तीन गट, एक व्हिडिओ बघतोय, दुसरा मणी-काड्यांशी खेळत तेच गणित करतोय, तिसरा शिक्षकांपाशी, आणि पंधरावीस मिनिटांनी गट फिरवायचे. घरच्या फोनचा प्रश्नच मिटला. तसंही हॅरिस कूपर या अमेरिकन संशोधकांनी २००६ साली गृहपाठावरच्या अभ्यासांचा आढावा घेतला होता, त्यात गृहपाठ आणि मार्कांचा संबंध सातवी ते बारावीत बऱ्यापैकी दिसला, खालच्या वर्गांत फारच कमी. मग लहानांचा घरचा वेळ हवाच कशाला?

खडूफळा: हे जरा पटतंय. पण मग त्यात फ्लिप काय उरलं? गट पाडून शिकवणं आम्ही आधीपासून करतोय, फक्त एका गटापुढे स्क्रीन ठेवली.

आडवा_प्रश्न: नाव काहीही द्या. सांगायचा भाग रेकॉर्डिंगवर गेला की शिक्षक मोकळा होतो, मुद्दा तेवढाच.

खडूफळा: मोकळा कसला, दुसरीत! एकाची पेन्सिल हरवलेली, एकीला शू लागलीये, आणि टॅबवाल्या गटाचा आवाज बंद झालेला. आणि वजाबाकी सांगताना मी पोरांचे चेहरे बघत असतो, कपाळावर आठी आली की तिथेच थांबतो, दहाची मोळी सोडून परत दाखवतो. व्हिडिओला आठी कशी दिसणार?

तिसरीच्या_बाई: नाही दिसत, मान्य. म्हणून मी नवीन संकल्पना व्हिडिओवर देतच नाही आता, पहिल्या वर्षी दिली आणि तोंडावर आपटले. आदल्या धड्याची उजळणी किंवा उद्या काय येणारे त्याची झलक, एवढंच.

दोघांची_आई: हे शाळेने सांगितलं असतं तर मी एवढी भांडलेच नसते. आमच्याकडे अकरा मिनिटांचा व्हिडिओ येतो आणि खाली दहा प्रश्न.

तिसरीच्या_बाई: अकरा?? दुसरीला??

खडूफळा: सोमवारी मीटिंग आहे. चार मिनिटं, फक्त उजळणी, आणि तीही वर्गातच, एवढं मांडून बघतो. बाई, तुमचा तो टॅब एका वेळी किती पोरांना पुरतो ते सांगा, नाहीतर पहिला प्रश्न तोच येणार.