‘तळून राहिली’ला लाल रेघ, ‘आजीची मदत केली’ला मात्र सूट?

वऱ्हाडी_वहिनी: माहेर अकोला, सासर पुणे. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. इथल्या भाजीवालीला ‘सांबार द्या’ म्हटलं तर तिनं समोरचं उडप्याचं हॉटेल दाखवलं! ते ठीक, शिकले मी. पण लेक तिसरीत आहे. निबंधात तिनं लिहिलं, ‘आजी वड्या तळून राहिली होती.’ बाईंनी खाली लाल रेघ ओढली. तेही मान्य, शाळेच्या वहीत ‘तळत होती’ हवं. त्याच पानावर ‘मी आजीची मदत केली’ असं आहे, त्याला मात्र बरोबरची खूण! मदत आजी‘ला’ करतात ना? का माझंच चुकून राहिलं?

रंकाळ्याची_पोर: वहिनी, आमच्याकडं कोल्हापूरला या. आम्ही बायकापण ‘मी आलो’, ‘मी जातो’च म्हणतो. पुण्यात होस्टेलवर दाराबाहेरनं ‘आलो गं’ म्हटलं की आतल्या पोरी आधी ओढण्या शोधायच्या.

जुना_मुद्रितशोधक: चूक तुमची नाही. मदत आजीलाच करायची. ‘आजीची मदत झाली’ म्हणजे आजीनं हातभार लावला. ‘ची’ लावलं की मदत कोणी कोणाला केली तेच उलटतं. हे हिंदीतून आलेलं आहे, आणि हल्ली जाहिरातींतसुद्धा सर्रास दिसतं. ‘तळून राहिली’ची गोष्ट वेगळी. वऱ्हाडात चालू क्रिया सांगायची ती रीतच आहे, तिला नियम आहे. पुणेकरांचं ‘करतेय’ तरी काय, ‘करते आहे’ आवळून केलेलंच ना? बाईंनी रेघेऐवजी शेजारी ‘तळत होती’ लिहिलं असतं तर पोरीला दोन्ही कळलं असतं. माझं डोकं उठतं ते ‘आणी’नं. शेवटची वेलांटी दीर्घ, पण ‘आणि’ अपवाद, हे शुद्धलेखनाच्या 1962च्या नियमांपासून छापलेलं आहे. तरी लग्नपत्रिकेत ‘आणी’च.

लोअरपरळकर: आम्हा मुंबईकरांना ‘बोलला’वरून ऐकावं लागतं. आमच्या ऑफिसात ‘सर मला बोलले’ म्हणजे सरांनी नुसतं सांगितलं. पुण्याचा मित्र लगेच विचारतो, ‘का रे, काय केलंस?’ त्याच्याकडे बोलले म्हणजे झापलं.

वऱ्हाडी_वहिनी: अगं बाई! परवा मुंबईची जाऊ फोनवर सांगत होती, ‘आई मला बोलल्या’, आणि मी इकडे सासूबाईंवर भडकून राहिले होते.