मदत हवी आहे: हाइंकेल १७७ ची तोफ नेमकी कुठे बसवायची?

फेविक्विकग्रस्त
मंडळी, अडलोय. रविवारी मॉडेलवाल्यांची भेट आहे आणि माझं हाइंकेल १७७ (दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन बॉम्बरचं प्लास्टिक मॉडेल) टेबलावर अर्धवट पडलंय. साधं नको, तोफवालं हवंय, ते 'स्टालिनग्राड' वालं. तोफ नाकातून बाहेर येते की पोटाखालून? नळी कशाची करू? आणि ५० मिमी खरी की ७५? ज्यांनी केलंय त्यांनीच सांगा प्लीज.

मावळता पायलट
स्केल काय? किट विमानाच्या ए-३ आवृत्तीचं की ए-५ चं? लग्न कुणाचं ते न सांगता हार किती फुटी हे विचारताय.

फेविक्विकग्रस्त
१/७२, अजून काय असणार. ए-५.

निवृत्त फिटर
आधी सांगा, नाकात वजन भरलंत का? छर्रे, शिसं, काहीही. माझं बी-२५, ते अमेरिकन बॉम्बर, जोडून झालं आणि शेपटीवर बसलं ते बसलंच. तेव्हापासून कानाला खडा.

मावळता पायलट
काका, बी-२५ ला पुढे चाक असतं. ह्याला शेपटीला चाक आहे, ते बसणारच शेपटीवर. वजनाचं कामच नाही.

निवृत्त फिटर
भरलेलं बरं. हातात घेतल्यावर वजन लागलं पाहिजे.

घुबड
५० आणि ७५ दोन्ही खऱ्या, पण गोष्टी वेगळ्या. जानेवारी १९४३ मध्ये ही विमानं युक्रेनमधल्या झापोरिझ्झियाहून स्टालिनग्राडला, वेढ्यात अडकलेल्या जर्मन सैन्याला रसद न्यायला लावली होती. एवढं धूड, पण माल जेमतेम हाइंकेल १११ पेक्षा थोडा जास्त, आणि येताना जखमी आणायची सोय नाही. मग काहींवर विमानतळावरच ५० मिमी रणगाडा-तोफ बसवली, विमानविरोधी तोफांवर मारा करायला. त्यानंतर रीतसर आलं ते ए-३/आर५. त्यात ७५ मिमी बीके ७.५, म्हणजे पाक ४० ह्या रणगाडाविरोधी तोफेची विमानी आवृत्ती. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच झाली, कारण धक्का सांगाड्याला झेपेना. त्याही आधी ए-१ च्या काही विमानांत ३० मिमीच्या दोन एमके १०१ तोफा होत्या. तिन्ही प्रकारांत जागा एकच: नाकाखालचं गोंडोला, म्हणजे फुगीर कप्पा, जर्मन त्याला 'बोला' म्हणत. म्हणजे तोफ नाकाच्या काचेतून नाही, खालून.

फेविक्विकग्रस्त
घुबडराव, वाचलो! ७५ पक्की. आता नळी?

रानवारा
बॉलपेनची रिफिल. मी सगळ्या तोफांना तीच लावतो, एक नंबर दिसते.

मावळता पायलट
रिफिल बाहेरून ३ मिमी. गुणिले ७२ म्हणजे २१६ मिमी. विमानाला युद्धनौकेची तोफ लावणार का? ७५ मिमी म्हणजे १/७२ ला भोक जेमतेम १ मिमीचं. इंजेक्शनची सुई घ्या, १६ नंबरची, टोक घासून सपाट करा. पाक ४० ची नळी ३.४५ मीटर, म्हणजे ४.८ सेंमी. सगळी बाहेर काढू नका, मागचा भाग बोलाच्या आत जातो. पुढे मझल ब्रेक, म्हणजे तोंडावरचा धक्का कमी करणारा जाड भाग, मात्र हवाच, तो नसला तर पाइप वाटेल.

रानवारा
तीन फुटांवरून कोण मोजायला जातंय?

मावळता पायलट
भेटीला जे येतात ते तीन इंचांवरून बघतात. एकाच्या खिशात कॅलिपर असतो.

खारे शेंगदाणे
अवांतर: ह्या विमानाला दोनच पंखे, मग चार इंजिनं असं का म्हणतात?

घुबड
डीबी ६०६ म्हणजे दोन डीबी ६०१ शेजारी-शेजारी जोडलेली, एकूण २४ सिलिंडर, पंखा एक. पुढे डीबी ६१०, तीच तऱ्हा. मधल्या बाजूचे एक्झॉस्ट तापायचे, खाली काउलिंगमध्ये, म्हणजे इंजिनाच्या झाकणात, तेल साचलेलं, आणि मागे आग अडवणारी फायरवॉलच नाही. वर डोक्यावर अट, एवढ्या बॉम्बरने सूरही मारला पाहिजे! ती अट जर्मन हवाई दलाचा प्रमुख गोअरिंगने १९४२ च्या सप्टेंबरात काढली. वैमानिक विमानाला लायटर म्हणायचे ते उगाच नाही.

खारे शेंगदाणे
तोफ मारायची तर ब्रिटिशांचं मॉस्किटो करा हो. ५७ मिमी घेऊन पाणबुड्यांवर जायचं. लाकडी विमान, पण तोफ झेपली.

फेविक्विकग्रस्त
इंजिनांचं मी विचारलंच नव्हतं आणि मॉस्किटो माझ्याकडे नाही. ए-५ ला ए-३ करायला अजून काय बदलू तेवढं सांगा.

घुबड
पंखांखालचे एचएस २९३ ह्या नियंत्रित बॉम्बचे हूक लावू नका. ए-५ ला बाहेरच्या बाजूचे फाउलर फ्लॅप (पंखामागच्या सरकत्या झडपा) काढले होते, ए-३ ला ते आहेत, तेव्हा पंखाच्या मागच्या कडेला रेघ कोरा. धड लांबीला दोन्हींचं सारखंच. चाकांना हात लावू नका. दर पंखाखाली दोन पाय, एक आत मिटतो, एक बाहेर. तिथे गडबड झाली की विमान लंगडतं.

फेविक्विकग्रस्त
अपडेट. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडे १६ नंबरची सुई मागितली. म्हणाला, "गाय आहे की म्हैस?" म्हटलं, विमान आहे. त्याने चष्मा काढून बघितलं, पण दोन दिल्या. एकीचं टोक घासताना वाकवून ठेवलं, दुसरी बसली. मझल ब्रेक स्प्रूच्या (किटमधल्या उरलेल्या प्लास्टिक चौकटीच्या) तुकड्यातून कातरतोय.

निवृत्त फिटर
वजन भरलंत का?