मतदानाच्या दिवसाचा ॲपल पाय : मंडळातील पत्रव्यवहार

प्रेषक: सांस्कृतिक समिती
विषय: ३ नोव्हेंबर, मतदान आणि ॲपल पाय

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

यंदा अमेरिकेचे प्रतिनिधिगृह, सिनेट आणि आपल्या मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरपदासाठीचे मतदान मंगळवार, ३ नोव्हेंबर २०२६ रोजी आहे, आणि त्याच आठवड्याच्या अखेरीस, रविवारी ८ तारखेला, लक्ष्मीपूजन आहे. फराळासाठी हॉल आणि त्याचे स्वयंपाकघर त्या आठवड्यात आपल्याकडे असणारच आहे. आपल्यातील कित्येक जण गेल्या काही वर्षांत नागरिकत्वाची शपथ घेऊन प्रथमच मतदार झाले आहेत. या देशातील त्यांचे पहिले मतदान सर्वांनी मिळून साजरे करावे, या हेतूने मंगळवारी संध्याकाळी हॉलवर घरी भाजलेला, पारंपरिक पद्धतीचा ॲपल पाय (मैद्याच्या पारीत सफरचंदाच्या फोडी भरून भाजलेला गोड पदार्थ) ठेवावा असा समितीचा विचार आहे. ‘मी मतदान केले’ हा स्टिकर दाखवणाऱ्या प्रत्येकाला एक तुकडा द्यावा, अशी सूचना बैठकीत आली होती. सभासदांनी आपले मत कळवावे, ही विनंती.

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद, वूस्टर
विषय: उत्तर: ३ नोव्हेंबर, मतदान आणि ॲपल पाय

समितीच्या सदस्यांस नमस्कार.

बेत मनापासून आवडला. मात्र स्टिकर दाखवल्यावर पाय देण्याची अट कृपया काढून टाकावी. ज्या मतदानात संघराज्याच्या पदासाठी उमेदवार असतात, त्या मतदानासाठी कोणताही मोबदला देणे किंवा देऊ करणे हा संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे, आणि मोबदला म्हणजे केवळ रोख पैसे असा त्याचा अर्थ लावता येत नाही. २००८ साली स्टारबक्सने मतदान करणाऱ्यांना फुकट कॉफी जाहीर केली होती. हा प्रश्न उभा राहताच मागेल त्या प्रत्येकाला कॉफी देण्याचे त्यांनी जाहीर केले. आपणही तेच करावे. हॉलमध्ये येईल त्याला पाय मिळावा, त्याने मत दिलेले असो वा नसो. कायदा बाजूला ठेवला तरी मला हेच योग्य वाटते, कारण आपल्या मंडळात ग्रीन कार्डवर, एच-वन व्हिसावर असलेली आणि मुलांकडे पाहुणे म्हणून आलेली मंडळी पुष्कळ आहेत, आणि ज्यांना मताचा अधिकारच नाही त्यांना त्या दिवशी ताटावरून उठवल्यासारखे वाटू नये. त्याबरोबर निमंत्रणात एक वाक्य ठळक असावे: नागरिक नसलेल्यांनी कोणी कितीही आग्रह केला तरी मतदार म्हणून नाव नोंदवू नये, कारण त्याचे परिणाम व्हिसावर आणि पुढील नागरिकत्वावर फार गंभीर होतात. नागरिकांसाठी नावनोंदणीची मुदत मतदानाच्या १० दिवस आधी संपते, हेही लिहावे.

मंडळ करमुक्त सेवाभावी संस्था म्हणून नोंदलेले असल्यामुळे कोणत्याही उमेदवाराची पत्रके त्या टेबलाजवळ येऊ देऊ नयेत. मतदान केंद्रापासून १५० फुटांच्या आत प्रचाराला येथे बंदी आहेच; आपला हॉल त्याहून बराच दूर असला तरी पथ्य तेच पाळावे.

‘पारंपरिक’ या शब्दाबद्दल थोडे लिहितो, कारण त्यामागचा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो. न्यू इंग्लंडमध्ये निवडणुकीचा म्हणून जो जुना पदार्थ होता तो पाय नव्हता, केक होता. वसाहतींच्या काळात येथील निवडणुकीचा सोहळा मे महिन्यात होत असे आणि कनेटिकटमधील हार्टफर्डला लांबून आलेल्या लोकांसाठी यीस्टने फुगवलेला, मनुका घातलेला मोठा केक भाजत. अमेलिया सिमन्स यांच्या ‘अमेरिकन कुकरी’च्या १७९६ मधील दुसऱ्या आवृत्तीत त्याची कृती आहे: ३० क्वार्ट पीठ, १० पौंड लोणी, १४ पौंड साखर, १२ पौंड मनुका, तीन डझन अंडी, शिवाय वाइन आणि ब्रँडी. मे महिन्यात झाडावर सफरचंद नसते, आणि त्या केकात होता तो सुकामेवा. पुढे १८४५ साली काँग्रेसने अध्यक्षीय निवडणुकीसाठी नोव्हेंबरमधील पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार ठरवला. तोपर्यंत शेतकऱ्यांची सुगी आटोपलेली असे आणि रस्ते अजून बर्फाने बंद झालेले नसत. सफरचंदांनी तळघरे भरलेली असतात ते हेच दिवस. म्हणून नोव्हेंबरच्या मतदानाला ॲपल पाय हाच खरा ऋतूला धरून असलेला पदार्थ आहे, आणि आपण तो या दिवसाचा म्हणून आनंदाने करावा.

प्रेषक: स्वयंपाक समिती
विषय: उत्तर: उत्तर: ३ नोव्हेंबर, मतदान आणि ॲपल पाय

काका, नमस्कार. अटीबद्दल आपण लिहिलेत ते बरे झाले. मीही त्याच मताची आहे. आता प्रत्यक्ष पायबद्दल लिहिते.

सफरचंद दुकानातले चकचकीत आणि नुसते गोड घेऊ नये. मॅकिंटॉश एकटे वापरले तर भाजल्यावर त्याचा लगदा होतो. कॉर्टलँड चांगले, कारण ते चिरल्यावर लवकर काळे पडत नाही आणि शिजूनही फोड शिल्लक राहते. त्याच्या जोडीला आंबट म्हणून नॉर्दर्न स्पाय किंवा बाल्डविन घ्यावे. बाल्डविन हे आपल्या राज्यातलेच, १७४०च्या सुमारास विल्मिंग्टनला सापडलेले झाड. १९३४च्या कडाक्याच्या हिवाळ्यात त्याच्या बागाच्या बागा मेल्या, तरी स्टो आणि बोल्टनकडच्या बागांमध्ये चौकशी करून ठेवावी. नाहीच मिळाले तर ग्रॅनी स्मिथ कोठेही मिळते.

वरच्या पारीकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे लागते. आपल्या हाताला करंजीची सवय असते: कडकडीत मोहन घालायचे, पीठ चोळायचे आणि घट्ट मळून कुटायचे. येथे नेमके उलटे करायचे आहे. नऊ इंची पायसाठी ३०० ग्रॅम मैदा आणि चमचाभर मीठ एकत्र करून त्यात २२५ ग्रॅम फ्रिजमधले घट्ट, बिनमिठाचे लोणी तुकडे करून घालावे आणि बोटांच्या टोकांनी वाटाण्याएवढे कण राहतील इतपतच मोडावे. मग बर्फाचे पाणी चमच्याचमच्याने शिंपडत, सहा ते आठ मोठे चमचे पुरते, गोळा जेमतेम एकत्र येईल असा करावा. मळायचे नाही. ते थंड कण भट्टीच्या उष्णतेत वितळतात, त्यांतल्या पाण्याची वाफ होते आणि ती पीठ उचलून पापुद्रे सोडवते. लोणी हातातच वितळले तर पारी चिवट होते. त्याचे दोन चपटे गोळे करून तासभर फ्रिजमध्ये ठेवावेत.

सव्वा किलो सफरचंदांच्या सोलून पाव इंच जाड फोडी कराव्यात. त्यांना १२० ग्रॅम साखर, अर्ध्या लिंबाचा रस, दालचिनी, थोडे जायफळ आणि चिमूटभर मीठ लावून अर्धा-पाऊण तास ठेवावे. सुटलेला रस वेगळा काढून आटवावा आणि दोन चमचे कॉर्नस्टार्चसह फोडींना परत लावावा. एवढे केले की तळ ओला राहत नाही, आणि वरची पारी व फळ यांच्यामध्ये पोकळीही कमी राहते. वेलचीची मागणी येईल, पण यंदा दालचिनी-जायफळावरच थांबावे असे मला वाटते.

खाली एक पारी, तीवर फोडी आणि वर चिरा दिलेली दुसरी पारी असे रचून भट्टीत ४२५ अंश फॅरनहाइटला २० मिनिटे भाजावे, नंतर ३७५ला आणखी ४० ते ५० मिनिटे, वरच्या चिरांमधून दाट रस बुडबुडेपर्यंत. बाहेर काढल्यावर किमान तीन तास सुरीही लावू नये, नाहीतर रस वाहून जातो. म्हणून पाय सोमवारी रात्री किंवा मंगळवारी सकाळीच भाजावेत.

आपल्याकडे बहुतेक जण शाकाहारी आहेत, तेव्हा तयार पारी आणणाऱ्यांनी त्यात डुकराची चरबी नाही ना हे वाचून घ्यावे, आणि वरून अंड्याऐवजी दूध लावावे. येथील जुन्या पद्धतीप्रमाणे सोबत चेडर चीज ठेवणार आहोत. शेजारच्या व्हरमाँटने १९९९ साली ॲपल पायला राज्याचा पाय ठरवताना त्याबरोबर थंड दूध, चेडर किंवा व्हॅनिला आइस्क्रीम देण्याचा प्रामाणिक प्रयत्न करावा असे कायद्यातच लिहिले आहे. मात्र चेडर प्राणिजन्य रेनेटचे (चीजसाठी दूध घट्ट करणाऱ्या विरजणाचे) नसलेलेच आणावे.

प्रेषक: सांस्कृतिक समिती
विषय: निर्णय

पाय सर्वांसाठी खुला राहील, स्टिकरची अट नाही. मतदान केंद्रे सकाळी ७ ते रात्री ८ उघडी असल्यामुळे कामावरून थेट मतदानाला जाणाऱ्यांचाही विचार करून हॉल रात्री ९ पर्यंत चालू ठेवू. एका पायचे आठ तुकडे धरले आहेत. पाय भाजून आणणाऱ्यांनी स्वयंपाक समितीला आधी कळवावे, म्हणजे बागेतून कॉर्टलँड एकत्रच मागवता येतील. मंगळवारचा उपास असलेल्यांसाठी चिरलेली सफरचंदे वेगळी ठेवू.