एलियनच्या कैदेत जीव जडला, म्हणजे प्रेम?

ऊनमापक: काल एका पोस्टमध्ये वाचलं, 'परग्रहवासीयाने डांबलेली नायिका शेवटी त्याच्याच प्रेमात पडते, विज्ञानकथेत याहून सुंदर प्रेम नाही.' खाली बदामांचा पाऊस. डोकं तापलं. अहो, श्वासाची हवा त्याच्या हातात, पाणी त्याच्या हातात, यानाबाहेर पडलं की मरण. अशा जागी माणूस त्याचा मूड ओळखायला शिकतो, एक घोट जास्त मिळाला तरी गहिवरतो. याला प्रेम म्हणणारा लेखक आळशी. अमेरिकन लेखिका ऑक्टेव्हिया बटलरने १९८७च्या 'डॉन' कादंबरीत नायिका लिलिथला एलियनची ओढ लागलेली दाखवली, पण ते माणसांच्या शरीरातच फेरफार करतात. मग ओढ तिची की त्यांनी घातलेली? तो काटा बटलर काढत नाही.

धंतोलीकर: म्हणजे पुन्हा 'स्टॉकहोम सिंड्रोम', कैद्याला डांबणाऱ्याचाच लळा लागतो तो, असं म्हणून मोकळे! १९७३ मध्ये स्टॉकहोमच्या एका बँकेत दरोडेखोरांनी ओलीस धरलेल्या क्रिस्टिन एनमार्कने थेट स्वीडनचे पंतप्रधान पाल्मेंना फोन केला, आम्हाला या दरोडेखोरांसोबत जाऊ द्या म्हणून. तिला धास्ती पोलिसांची होती. आत गोळीबार झाला असता तर मेली तीच असती. हे येडेपण? पोलिसांच्या मनोविकारतज्ज्ञाने त्या सिंड्रोमचा शिक्का मारला आणि सगळं जग तोच घोकत बसलं. कैद्यालाही अक्कल असते.

ऊनमापक: मी तेच म्हणून राहिलो. अक्कल, हिशेब. प्रेम नाही.

सावजी_रस्सा: काहून भांडून राहिले बे? एलियन कशाला पाहिजे, नागपूरजवळ हिंगण्याच्या एमआयडीसीत या. मालकाने माझ्या ओरिजिनल मार्कशीट कपाटात कुलूपबंद ठेवल्या होत्या. वरून बॉण्ड. दिवाळीला सोनपापडीचा डबा दिला तर मी आईला फोन करून सांगितलं, साहेब देवमाणूस आहे!

धंतोलीकर: सही तूच केली ना? नोकरीला ओलीस म्हणतो?

सावजी_रस्सा: सही केली तेव्हा बाबा दवाखान्यात होते. तुमच्या पैसेवाल्या धंतोलीत असंल चॉईस.

धंतोलीकर: धंतोलीला मध्ये आणायची गरज नव्हती.

रातराणी: मार्कशीट दाबून ठेवायचा हक्कच नाही कोणाला. माझ्या भावाच्या अशाच अडकल्या होत्या. वकिलाची नोटीस गेली, गपगुमान कुरिअरने आल्या.

सावजी_रस्सा: ताई, तुमच्या भावाला वकील परवडला.

रातराणी: त्याच्यासाठी आईची पाटली मोडली. माहीत नसताना बोलू नका.

टेकडी_गणेश: त्या कंपनीत मे महिन्यात कूलर तरी होता का?

सावजी_रस्सा: साहेबाच्या केबिनमध्ये होता. हिशेब द्यायला मीच जास्त जायचो.

ऊनमापक: धागा विज्ञानकथेचा आहे, लेबर कोर्टाचा नाही!

धंतोलीकर: तुमच्या धाग्यात जीव यांच्यामुळेच आला, ऊनमापक साहेब. बरं, आळशी लेखकांबद्दल तुमचं खरं, खूश? पण सुटायची मोकळीक मिळूनही कैदी थांबला, तर मी प्रेम मानीन.

सावजी_रस्सा: मार्कशीट हातात आल्यावरही मी तिथंच राहिलो होतो, भाऊ. आता बोला.

धंतोलीकर: पगार वाढवला असेल.

सावजी_रस्सा: एक रुपया नाही.