जर्मनीत पोस्टडॉक: मेरी क्युरी की एचएफएसपी?

प्रश्न: जर्मनीत पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनासाठी, या दोनपैकी एक फेलोशिप हवी आहे. पीएचडी यीस्टमधल्या डीएनए दुरुस्तीवर, पुण्यातून. गेल्या वर्षी पाच महिने जर्मनीतल्याच हायडलबर्गला काम केलं. ते आड येईल का?

उत्तर १: मेरी क्युरीत (युरोपियन युनियनची फेलोशिप) नाही. अंतिम तारखेआधीच्या ३६ महिन्यांत यजमान देशात १२ महिन्यांहून जास्त वास्तव्य नको. पीएचडीनंतर ८ वर्षांची मर्यादा आहे, त्यामुळे घाई नको. अर्ज मात्र यजमान संस्थेसोबतच भरायचा. साधारण सप्टेंबरची मुदत धरून मार्चपासूनच प्रयोगशाळांना लिहा.

उत्तर २: एचएफएसपीला (ह्युमन फ्रंटियर सायन्स प्रोग्रामची आंतरराष्ट्रीय फेलोशिप) विषय खरोखर बदलावा लागतो. यीस्टऐवजी मानवी पेशी, प्रश्न तोच, एवढ्यावर अर्ज पडतो. प्रथम लेखक म्हणून पेपर हवाच.

उत्तर ३: प्रयोगशाळेच्या प्रमुखांना लिहिताना ईमेलला सीव्ही जोडा, पण त्यांच्या ताज्या पेपरमधला न सुटलेला प्रश्न आणि तुमचा पहिला प्रयोग आधी लिहा. सरसकट पाठवलेलं पत्र लगेच ओळखू येतं.